होमर केंद्रकात काय करत होता?

२०१४ साली प्रसिद्ध झालेलं एक निरीक्षण काही केल्या डोक्यातून जात नाही. साल्पिंगोइका रोझेटा नावाचा पाण्यातला एकपेशीय जीव. अंग काही मायक्रॉनचं, एका टोकाला लांब शेपटी, शेपटीभोवती बारीक तंतूंची गोल कॉलर. शेपटी हलवून पाण्याचा झोत करायचा, कॉलरला चिकटलेले जिवाणू गिळायचे, हा त्याचा दिनक्रम. मेंदू नाही, चेतापेशी नाही; जे काही आहे ते एकाच पेशीत. आणि तरी त्याच्या जीनोममध्ये होमर नावाच्या प्रथिनाचं जनुक आहे. आपल्या मेंदूत हा होमर सिनॅप्सच्या, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो त्या सांध्याच्या, घेणाऱ्या बाजूला, पडद्याच्या अगदी खाली बसतो. एका हाताने ग्लुटामेट या संदेशाच्या रसायनाचे ग्राही धरतो, दुसऱ्या हाताने पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यावरचं दार. मग या एकपेशीय जीवात तो कुठे असेल? कुणीही पडद्याकडे, कॉलरच्या बुडाशी बोट दाखवेल. होमरला चिकटणारी प्रतिपिंडं घालून पेशी रंगवल्या, तेव्हा चमकलं ते केंद्रक. तिथे त्याची जोडी फ्लोटिलिन नावाच्या भलत्याच प्रथिनाशी जमलेली. पुढे प्राण्यांच्या मेंदूतल्या, चेतापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींमध्ये पाहिलं, तर तिथेही होमर केंद्रकात निघाला. म्हणजे आपल्याच डोक्यात तो हे जुनं काम करत होता. तिथे शोधायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, इतकंच.

ही गोष्ट टोचते, कारण सिनॅप्सच्या उत्क्रांतीबद्दल आपण जे काही म्हणतो, त्यातलं बरंचसं एका तक्त्यावर उभं आहे. आडव्या रांगांत प्रथिनं, उभ्या रकान्यांत प्राणी, आणि प्रथिन सापडलं तिथे बरोबरची खूण. सेठ ग्रँट यांच्या गटाने २००८ मध्ये सस्तन प्राण्यांच्या सिनॅप्समधली सुमारे ६०० प्रथिनं घेऊन अशी तुलना केली. जवळपास निम्मी प्रथिनं अपृष्ठवंशी प्राण्यांत मिळाली आणि सुमारे पाव हिस्सा एकपेशीय जीवांत, अगदी यीस्टमध्येसुद्धा. पाव फुगवणारं यीस्ट आणि स्मरणशक्तीची यंत्रणा एका रांगेत आल्यावर बातम्या व्हायच्या त्या झाल्याच. पण ती खूण नेमकं काय सांगते? या जीवाच्या जीनोममध्ये या प्रथिनाशी नातं सांगणारी अक्षरमाला आहे, एवढंच. ते प्रथिन कुठे बसतं, कुणाला धरतं, कधी बनतं, याबद्दल खूण गप्प असते. होमरच्या रांगेतही बरोबरची खूणच होती.

तक्त्याची डावी बाजू, म्हणजे प्रथिनांची यादी, कशी तयार होते ते पाहिलं की सावधपणा आपोआप येतो. मेंदूचा तुकडा काढल्याक्षणी बर्फावर. ०.३२ मोलर साखरेच्या द्रावणात, काचेच्या नळीत टेफ्लॉनचा दांडा फिरवत दहा-बारा वेळा खाली-वर करून तो घोटायचा. जोर जास्त झाला तर केंद्रकं फुटतात, डीएनए सुटतो आणि सगळं चिकट होऊन बसतं. कमी झाला तर पेशी अख्ख्या राहतात. १,००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोराने दहा मिनिटं फिरवलं की केंद्रकं तळाशी जातात. वरचं पाणी घेऊन दहा-पंधरा हजार जीने फिरवायचं, म्हणजे चेतापेशींची तुटलेली टोकं खाली बसतात. तुटल्यावर त्यांचा पडदा आपोआप मिटतो, त्यामुळे आतल्या पुटिका, म्हणजे संदेशाचं रसायन भरलेल्या बारीक पिशव्या, शाबूत राहतात, आणि पलीकडच्या पेशीचा चिकटलेला तुकडाही सोबत येतो. हा साका ०.८५, १.० आणि १.२ मोलर साखरेच्या थरांवर चढवून दोन तास अतिवेगाने फिरवला, की चेतातंतूंवरचं चरबीदार वेष्टण, म्हणजे मायलिन, वर तरंगतं, मायटोकॉन्ड्रिया तळ गाठतात, आणि हवा तो माल १.० आणि १.२ च्या सीमेवर पांढुरक्या पट्ट्यासारखा दिसतो. तो काढून साध्या पाण्याच्या धक्क्याने फोडायचा आणि ट्रायटन या सौम्य साबणात, चार अंश तापमानाला, घुसळायचा. पडदे विरघळतात. विरघळत नाही तो सिनॅप्सच्या घेणाऱ्या बाजूचा दाट थर. ट्रिप्सिनने त्याचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडले की नावं मिळू लागतात. माणसाच्या नवबाह्यकातून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातून, २०११ मध्ये अशी १,४६१ प्रथिनं नोंदली गेली.

या १,४६१ मध्ये पाहुणे किती आणि घरचे किती, हा प्रश्न मात्र राहतोच. मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनं हमखास घुसतात, कारण ती मुबलक असतात आणि पट्टा काढताना पिपेटचं टोक मिलिमीटरभर खाली गेलं तरी पुरतं. दुसरी अडचण वेळेची. रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनवर चालणारं कायनेज क्रमांक दोन हे विकर पेशीरसातून सरकून या थराला येऊन चिकटतं, थर जाड होतो. त्यामुळे तुकडा उशिरा गोठवला तर मोजमाप जिवंत सिनॅप्सचं होत नाही, गुदमरलेल्या सिनॅप्सचं होतं. माशीत तर अडचण मुळापासूनच आहे. एवढ्याशा डोक्यातून साखरेच्या थरांवर दिसण्याइतका पट्टा मिळवायचा तर माश्यांची मोजदादच सोडावी लागते. म्हणून यादी बहुतेक वेळा उंदराची असते आणि इतर प्राण्यांना त्या यादीवर तपासलं जातं. हा कल एकतर्फी आहे. माशीच्या किंवा जेलीफिशच्या सिनॅप्समध्ये आहेत पण उंदरात नाहीत, अशी प्रथिनं या तक्त्यात येणारच नाहीत, कारण त्यांच्यासाठी रांगच आखलेली नाही.

मग खूण करण्याचं काम. उंदराच्या प्रथिनाची अक्षरमाला दुसऱ्या जीनोमवर सोडायची, सर्वांत जवळचा जुळणारा घ्यायचा, आणि तो उलट उंदराच्या जीनोमवर सोडून आपण निघालो तिथेच परत येतो का ते पाहायचं. दोन्हीकडून जुळलं तर नातं धरायचं. ऐकायला चोख वाटतं. पण सिनॅप्सची बरीच प्रथिनं ठराविक घटक एकापुढे एक जोडून बनलेली असतात. पीडीझेड हा त्यातला सुमारे ९० अमिनो आम्लांचा घटक माणसात २५० हून जास्त ठिकाणी आहे. पीएसडी-९५ या घेणाऱ्या बाजूच्या सांगाड्यातल्या प्रथिनात असे तीन, मग एक एसएच३, मग एक ग्वानिलेट कायनेजसारखा भाग. स्पंजात एखादं प्रथिन जुळलं आणि जुळणी फक्त एका पीडीझेडवर असली, तर तो पीएसडी-९५ चा नातेवाईक असेल किंवा केवळ त्या घटकाचा वापर करणारा कुणी तिसराच. म्हणून घटकांचा क्रम पाहावा लागतो आणि वंशवृक्ष काढावा लागतो. वेळ नाही म्हणून ही पायरी गाळणारे लोक खुणांचा पाऊस पाडतात. उलट बाजूची चूकही तेवढीच नेहमीची आहे. लहान आणि भराभर बदलणारी प्रथिनं काही कोटी वर्षांत इतकी वेगळी होतात, की जुळणीचं गणित त्यांना ओळखतच नाही. मग तिथे शून्य पडतं आणि ते जनुक नंतर नव्याने जन्मलं असा निष्कर्ष निघतो. शिवाय माल स्वच्छ हवा. स्पंजाच्या अंगात जिवाणूंची वस्ती असते, साल्पिंगोइकासारख्या कॉलरवाल्या एकपेशीयांना, म्हणजे कोॲनोफ्लॅजेलेटना, जिवाणू खाऊ घालूनच वाढवावं लागतं, कोंब जेली या जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या पोटात कालची शिकार असते. डीएनए काढण्याआधी प्राण्याला उपाशी ठेवायचं ते याचसाठी.

इतकं सगळं करूनही काही खुणा पक्क्याच राहतात, आणि त्या थक्क करतात.

चेतापारेषक, म्हणजे संदेशाचं रसायन, सोडण्याचं यंत्र घ्या. पुटिकेवर सिनॅप्टोब्रेविन, पेशीच्या पडद्यावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. या तिघांचे मिळून चार लांब पीळ पिशवीच्या चेनसारखे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मिटत जातात आणि दोन पडदे इतके जवळ ओढतात की ते एकजीव होतात. मिटलेल्या पिळांच्या आत अमिनो आम्लांचे सोळा थर असतात. ते जवळजवळ सगळे पाणी टाळणारे. फक्त मधोमध एक थर वेगळा, त्यात तीन ग्लुटामिन आणि एक आर्जिनिन. हा तीनास एकचा थर यीस्टमध्येही तसाच आहे. रँडी शेकमन यांच्या प्रयोगशाळेत या यंत्राचे भाग यीस्टमध्येच हाती लागले, आणि तेही एका हुशार निरीक्षणावरून. स्राव अडलेली पेशी नवी प्रथिनं बनवत राहते पण वाढत नाही, म्हणून ती जड होते. २५ अंशांना ठीक आणि ३७ अंशांना अडकणारी उत्परिवर्तित वाणं घ्यायची, तापवायची, सिलिकाच्या दाट द्रावणात फिरवायची आणि तळाला गेलेल्या पेशी उचलायच्या. अशी २३ जनुकं मिळाली. त्यातल्या सेक-१ चा भाऊबंद आधीच एका जंतात दिसला होता. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये वेडंवाकडं सरपटणाऱ्या जंतांची जी उत्परिवर्तनं जाहीर केली, त्यातलं अठरावं जनुक तेच. सस्तनांत त्याला मंक-१८ म्हणतात, आणि ते नसेल तर सिनॅप्समधून एकही पुटिका सुटत नाही. जड झालेलं यीस्ट, न सरपटणारा जंत आणि मुका सिनॅप्स या तिघांच्या मुळाशी एकाच घराण्यातलं प्रथिन होतं. शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडहोफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं ते या अशा जुळण्यांमुळे.

मंक-१८ बद्दल एक जुनं कोडं होतं. ते सिंटॅक्सिनला इतकं घट्ट मिटवून धरतं, की सिंटॅक्सिनला पीळ घालायला मोकळं राहताच येत नाही. मदतनीस म्हणायचं आणि काम अडवायचं, हे कसं? ही घट्ट मिठी फक्त चेतापेशींच्या प्रथिनांत आढळली होती, म्हणून वाटत होतं की वेगावर लगाम ठेवण्यासाठी चेतापेशींनी केलेली ही खास सोय असावी. २०११ मध्ये मोनोसिगा या कोॲनोफ्लॅजेलेटची हीच दोन प्रथिनं शुद्ध करून त्यांचे स्फटिक वाढवले. मिठी तशीच, सिंटॅक्सिनचं पुढचं टोक त्याच खाचेत, उरलेला भाग तसाच मिटलेला. चेतापेशीची म्हणून सांगितली जाणारी ही सोय चेतापेशीच्या कितीतरी आधीची निघाली. माझ्या मते या विषयातला सर्वांत निर्विवाद पुरावा हाच, कारण इथे अक्षरमालेच्या साम्यावर कुणी थांबलं नाही. प्रथिनं हातात घेऊन ती एकमेकांना कशी धरतात हे पाहिलं.

आणि इतक्या जुन्या यंत्रातही एका अमिनो आम्लाने जीव वाचू शकतो. धनुर्वाताचं विष सिनॅप्टोब्रेविनमधला नेमका एक बंध कापतं, ग्लुटामिन आणि फेनिलॲलानिन यांच्यामधला. प्रयोगशाळेतला रॅट आणि कोंबडी यांच्या सिनॅप्टोब्रेविनच्या एका प्रकारात त्या ग्लुटामिनच्या जागी व्हॅलिन आहे. विषाच्या कात्रीला तिथे पकड मिळत नाही. पुटिका सोडण्याच्या कामात या बदलाने काही अडत नाही. म्हणूनच तो टिकला.

घेणाऱ्या बाजूची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. तिथे मला सर्वांत ओढ वाटते ती काम सोडलेल्या विकरांची. पीएसडी-९५ च्या शेपटाकडचा ग्वानिलेट कायनेजसारखा भाग दिसायला हुबेहूब विकर आहे, पण फॉस्फेट चढवण्याचं काम तो करत नाही. तो इतर प्रथिनांना धरतो. विकर ते पकड हा बदल कसा झाला असेल? २०१६ मध्ये एका गटाने आजच्या शेकडो अक्षरमालांवरून पूर्वजांच्या अक्षरमालांचा अंदाज बांधला, ती जनुकं कृत्रिमरीत्या बनवली आणि त्या प्रथिनांची परीक्षा घेतली. जुन्या पूर्वजाचं विकर म्हणून काम चालू होतं. त्यात एकच बदल केला, एका जागी सेरीनच्या ऐवजी प्रोलीन घातलं, आणि विकराचं काम बंद पडून प्रथिन पकडण्याचं काम सुरू झालं. प्रोलीनमुळे बिजागरी अवघडली, हे त्यामागचं साधं यांत्रिक कारण. माशीच्या पेशींत हे बदललेलं प्रथिन घातल्यावर पेशी विभागताना गुणसूत्रं वेगळी ओढणाऱ्या तर्कूची दिशा ठरवण्याचं कामही ते करू लागलं. इथे सिनॅप्सचा कुठे संबंधच नाही. पेशींनी एका थरात नीट विभागावं एवढीच त्या काळची गरज होती. फळमाशीत या कुळातलं एकुलतं एक जनुक आहे. ते बिघडलं तर अळीच्या अंगातल्या, पुढे पंख आणि पाय बनणाऱ्या पेशींच्या चकत्या गाठीसारख्या बेबंद वाढतात. त्याच प्रथिनाचं दुसरं काम स्नायूंवरच्या सिनॅप्समध्ये.

न्यूरोलिजिनचंही तसंच. सिनॅप्सच्या दोन काठांना एकमेकांसमोर धरून ठेवणाऱ्या जोडीतला हा घेणाऱ्या काठावरचा गडी. त्याचा बाहेरचा भाग ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या विकराच्या घराण्यातला आहे, फक्त तोडण्यासाठी लागणारा सेरीन त्याच्या खाचेत नाही. विकर म्हणून मेलेला, पण आकार शाबूत. समोरच्याला ओळखायला आकार पुरतो.

आता स्पंजाकडे येऊ, कारण तक्त्यातला सर्वांत चर्चिलेला रकाना त्याचाच. ग्रेट बॅरियर रीफवरच्या ॲम्फिमेडॉन या स्पंजात चेतापेशी नाहीत, सिनॅप्स नाही, स्नायूही नाहीत. तरीही केनेथ कोसिक यांच्या गटाला २००७ मध्ये त्याच्यात घेणाऱ्या बाजूचा जवळजवळ सगळा सांगाडा सापडला, आणि पीडीझेडच्या खाचेतली जी अमिनो आम्लं कुणाला धरायचं हे ठरवतात, तीही बऱ्याच ठिकाणी तशीच निघाली. यातली काही जनुकं डिंभाच्या त्वचेतल्या सुरईसारख्या पेशींत एकत्र व्यक्त होतात. पण या स्पंजात ग्लुटामेटने उघडणारे आयनांचे मार्ग नाहीत. मग तो सांगाडा कुणाला धरून उभा होता? काही जण याला सिनॅप्सची पूर्वतयारी म्हणतात, आणि मला ते म्हणणं अजिबात पटत नाही. उत्क्रांती पुढच्या गरजेसाठी आज काही राखून ठेवत नाही. सांगाडा होता म्हणजे त्याला त्या वेळी काम होतं. गोड्या पाण्यातला एफिडेशिया हा स्पंज पाण्यात ग्लुटामेट मिसळलं की फुगतो, मग सबंध अंग आकुंचित करून नळ्यांतला गाळ बाहेर टाकतो, आणि गाबा घातलं की हे आकुंचन दबतं. हा सगळा प्रकार अनेक मिनिटं चालतो. संदेशाची रसायनं आणि दाबणारी-चेतवणारी अशी विभागणी आहे; नाही ती फक्त जागेची नेमकी आखणी आणि मिलिसेकंदांची घाई.

२०२१ मध्ये स्पॉन्जिला या गोड्या पाण्यातल्याच स्पंजाच्या एकेका पेशीतली जनुकं वाचली गेली, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. पुटिका सोडणाऱ्या बाजूची जनुकं एका प्रकारच्या पेशींत, घेणाऱ्या बाजूच्या सांगाड्याची जनुकं दुसऱ्या प्रकारच्या पेशींत, अन्न पकडून पचवणाऱ्या कॉलरवाल्यांत. सोडणाऱ्या पेशी या पचन करणाऱ्या पेशींच्या कोठडीत फिरतात, बारीक हात पसरून त्यांच्या कॉलरला आणि शेपटीला बिलगतात. या स्पर्शाच्या जागी सिनॅप्स नाही. समोरासमोर बसलेले दोन दाट थर, त्यांच्यामधली वीसेक नॅनोमीटरची नेमकी फट, यांतलं काहीच नाही. म्हणजे दोन्ही बाजूंचं सामान तयार होतं, जवळजवळ होतं, पण एकमेकांपुढे आणून जखडलेलं नव्हतं. एकत्र गोळा केलेल्या डीएनएच्या तक्त्यात ही सगळी जनुकं एकाच रकान्यात येतात आणि स्पंजाच्या नावावर भरगच्च खुणा पडतात; ती वेगवेगळ्या पेशींत आहेत, ही अत्यंत महत्त्वाची गोष्ट तिथे दिसत नाही.

कोंब जेलींनी तर वादच लावून दिला. त्यांना चेतापेशी आहेत, सिनॅप्सही आहेत, आणि २०२३ मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या सोबतीवरून असं दिसलं की बाकी सगळ्या प्राण्यांपासून पहिल्यांदा वेगळी झालेली शाखा त्यांचीच, स्पंजांची नव्हे. अक्षरमालांवरून काढलेल्या वंशवृक्षांत हा वाद वर्षानुवर्षं हेलकावे खात होता, कारण भराभर बदललेल्या शाखा गणितात उगाच एकमेकींकडे किंवा मुळाकडे ओढल्या जातात. गुणसूत्रांची मोडतोड आणि मिसळण मात्र उलट फिरवता येत नाही. शाखा खरंच पहिली असेल, तर एकतर चेतापेशी दोनदा जन्मल्या किंवा स्पंजांनी त्या गमावल्या. त्याच वर्षी कोंब जेलीच्या लहान अवस्थेतल्या चेताजालाचे अतिसूक्ष्म काप जोडून पाहिले, तर जालातल्या पेशी सिनॅप्सने जोडलेल्या नव्हत्याच. त्यांचा पडदा सलग होता, एक पेशी दुसरीत उघडत होती. इतर पेशींशी बोलताना मात्र त्या सिनॅप्स वापरतात. हा पुरावा दोनदा जन्माच्या बाजूने झुकवणारा वाटतो, पण तेवढ्यावर निकाल देणं घाईचं होईल. सामानाचा मोठा भाग दोन्ही पक्षांकडे आधीपासून होता, हे लक्षात घेतलं तर दोनदा जुळणी होणं पूर्वी वाटायचं तेवढं अशक्य नाही.

पृष्ठवंशींकडे आलं की नवेपणा येतो तो प्रतींमधून. पन्नास कोटी वर्षांच्या आगेमागे सबंध जीनोम दोनदा दुप्पट झाला. माशीत एकटं असलेलं ते गाठीवालं जनुक आपल्याकडे चार झालं, आणि पीएसडी-९५ त्यांतलं एक. चारही प्रती एकच काम करत राहिल्या असत्या तर तीन केव्हाच गळाल्या असत्या. उंदरांमध्ये एकेक प्रत काढून पडद्यावरच्या चित्रांना नाक लावण्याच्या परीक्षा घेतल्या गेल्या. पीएसडी-९५ नसलेले उंदीर अगदी साध्या पाठातच अडकले. दुसरी एक प्रत नसलेले साधं शिकले, पण कोणती वस्तू कुठल्या जागी हा गुंतागुंतीचा धडा त्यांना जमेना. ग्लुटामेट ग्राहींच्या बाबतीत प्रतींसोबत शेपट्याही वाढल्या. एनएमडीए या ग्लुटामेट ग्राहीच्या दोन-ए आणि दोन-बी या उपघटकांची पेशीच्या आतली शेपटी ६०० हून जास्त अमिनो आम्लांची आहे. अपृष्ठवंशींत ती तोकडी असते. बाहेरचा, ग्लुटामेट ओळखणारा भाग तोच. आत वाढलेल्या जागेवर नवनवी प्रथिनं चिकटू लागली. उंदरात या दोन शेपट्यांची अदलाबदल केली तेव्हा वागणं बदललं, म्हणजे फरक शेपटीत होता हे सिद्ध झालं. ऑक्टोपसने वेगळीच वाट धरली. त्याच्या जीनोममध्ये पेशींना एकमेकांची ओळख पटवणाऱ्या प्रोटोकॅडहेरिनची १६८ जनुकं निघाली. माशीने त्याच गरजेसाठी डीस्कॅम-१ या एकाच जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडून ३८,०१६ रूपं शक्य केली. या गोष्टी तक्त्यात कुठल्या रकान्यात मांडायच्या?

आर्क हे तर तक्त्याला खिंडीत गाठणारं प्रथिन. सिनॅप्स बळकट किंवा कमकुवत करण्यात त्याचा हात आहे. २०१८ मध्ये दिसलं, की ते स्वतःला जोडून विषाणूसारखं कवच बनवतं, स्वतःचा आरएनए त्यात भरतं आणि दुसऱ्या पेशीकडे पाठवतं. कारण मुळात ते जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या एका घटकाचं कवच-जनुक आहे, कधीतरी पाळीव झालेलं. माशीतही आर्क आहे, तेही कवच बनवतं, सिनॅप्सवर आरएनए पोचवतं. उंदरापुढे खूण, माशीपुढे खूण, म्हणजे समान पूर्वज, असं कुणीही म्हणेल. वंशवृक्ष काढला तर माशीचं आर्क माशीतल्याच उड्या मारणाऱ्या घटकांजवळ बसतं आणि चतुष्पादांचं वेगळ्या फांदीवर. तेच काम दोनदा, वेगवेगळ्या वेळी, एकाच जातीच्या भटक्या जनुकाला जुंपून झालं.

आणि सगळ्यांत ताजा बदल आपल्याच जीनोममध्ये बराच काळ कुणाला दिसला नाही. एसआरगॅप-२ हे जनुक इतर वानरांत एकच आहे. माणसात त्याच्या अर्धवट प्रती झाल्या, त्यातली सी प्रत सुमारे २४ लाख वर्षांपूर्वीची. प्रती मूळ जनुकाशी इतक्या सारख्या, की तुकडे जोडून संदर्भ जीनोम बांधताना त्यांचा गोंधळ उडाला. आई आणि वडिलांकडून आलेल्या दोन आवृत्त्यांतला फरक आणि दोन प्रतींतला फरक यांत भेदच करता येईना. २०१२ मध्ये हा गुंता सोडवायला द्राक्षगर्भाचा डीएनए वापरला. अशा गर्भात आईचा वाटा नसतो, एकाच शुक्राणूचा संच दुप्पट झालेला असतो. मग दिसणारा प्रत्येक फरक प्रतींमधलाच असणार. सी प्रतीचं प्रथिन तोकडं आहे. ते मूळ प्रथिनाला मिठी मारतं आणि त्याचं काम थांबवतं. उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशींत हा मानवी तुकडा घातला, तर त्यांच्या फांद्यांवरचे काटे, जिथे बहुतेक चेतवणारे सिनॅप्स बसतात, पिकायला जास्त वेळ घेतात आणि शेवटी नेहमीपेक्षा दाट उगवतात.